घरदुरुस्ती, वाचकांचे प्रश्न : आरसा टाइलवर, वजन भिंतीवर

प्रश्न : बेसिनच्या वर २ बाय ३ फुटांचा, ५ मिलीमीटर जाडीचा आरसा लावायचा आहे. काचवाल्याकडून चारही कोपऱ्यांत भोकं पाडून आणली आहेत. टाइल मोठी, राखाडी, गुळगुळीत आहे. घरच्या ड्रिलने करून पाहिलं तर बिट आधी घसरलं, मग पाच मिनिटं दाबून धरलं तरी नुसता पांढरा ठिपका पडला आणि बिटाचं टोक काळंनिळं झालं. हॅमर (बिट फिरता फिरता ठोकण्याची सोय) चालू करू का? शेजारी सांगतात, दोन टाइलच्या सांध्यात भोक पाडा, तिथे मऊ असतं. (गोरेगाव पूर्व)

उत्तर : हॅमर नको आणि सांधाही नको. सांधा असतो २-३ मिलीमीटरचा आणि गिट्टी, म्हणजे प्लास्टिकचा रॉल प्लग, ८ मिलीमीटरची. भोक पाडताना दोन्ही टाइलच्या कडा खरवडल्या जाणार आणि स्क्रू आवळला की गिट्टी फुगून त्याच कडांना रेटणार. टाइल कडेलाच सगळ्यात कच्ची असते, टवका तिथेच उडतो. भोक कुठल्याही कडेपासून निदान इंचभर आत हवं. आरशाची भोकं नेमकी सांध्यावर येत असतील तर अख्खा आरसा इंच-दीड इंच वर किंवा बाजूला घ्या.

तुमचं बिट जळलं ते टाइल व्हिट्रिफाइड असल्यामुळे. खिडकीच्या चौकटीपाशी किंवा दाराआड टाइलची कापलेली कड दिसत असेल तर तिच्या पोटावर पाण्याचा थेंब टेकवून पाहा. सिरॅमिकचं लालसर किंवा पांढरट मातकट पोट तो लगेच शोषून घेतं. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही, थेंब तसाच राहतो. सिरॅमिकला भाल्याच्या पात्यासारख्या टोकाचं कार्बाइड बिट पुरतं, हार्डवेअरच्या दुकानात ते काचेचं बिट म्हणून मागा. व्हिट्रिफाइडला मात्र डायमंड कोअर बिटच लागतं. हे नळीसारखं पोकळ असतं आणि तोंडावर हिऱ्याची पूड बसवलेली असते. ८ मिलीमीटरचं घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात हमखास मिळेल. भिंतीसाठी वापरायचं साधं मेसनरी बिट दोन्ही टाइलना निरुपयोगी आहे. ते ठोकून फोडण्यासाठी घडवलेलं असतं, घासून कापण्यासाठी नाही.

भोकांच्या खुणा आरसा भिंतीला धरून करू नका. ५ मिलीमीटरचा २ बाय ३ चा आरसा सुमारे ७ किलो भरतो. एका हाताने तो आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल हे जमत नाही. आरसा पुठ्ठ्यावर ठेवून भोकांसकट आकार काढा आणि पुठ्ठा भिंतीवर चिकटवा. लेव्हल लावाच, पण एकदा मागे सरकून टाइलच्या आडव्या सांध्याशीही ताडून पाहा. गवंड्याने टाइलच थोड्या उतरत्या लावल्या असतील तर लेव्हलमधला आरसा वाकडा दिसतो, कारण डोळा आरशाची कड शेजारच्या रेषेशी जुळवतो. अशा वेळी सांध्याला धरून लावलेला बरा. आधी वरची दोनच भोकं पाडा. आरसा त्यांवर सैल टांगला की खालच्या दोन खुणा तोच दाखवतो.

खुणेवर मास्किंग टेपची फुली मारा. खालच्या टाइलवर कागदाची छोटी पन्हळ चिकटवा, म्हणजे पडणारी भुकटी त्यात साचेल. भुकटी का जपायची ते पुढे येतं. कोअर बिट सरळ टेकवलं की नाचतं. म्हणून ड्रिल तिरकं धरून बिटाची एकच कड टाइलला लावा आणि हळू फिरवा. चंद्रकोरीसारखी खाच पडली की ड्रिल हळूहळू सरळ करा. तिथून पुढे जोर लावायचा नाही. ड्रिलचं आपलं वजन पुरतं, बिट अगदी किंचित गोल डोलवत राहा. दर दहा-पंधरा सेकंदांनी बाहेर काढून पाण्यात बुडवा, किंवा भोकाच्या वर ओला स्पंज धरून ठेवा. तापलं की हिऱ्याची पूड सुटते आणि बिट गेलंच. पाणी ड्रिलच्या अंगात जाता कामा नये आणि ओल्या लादीवर अनवाणी उभं राहू नका. बॅटरीचं ड्रिल मिळालं तर उत्तम. व्हिट्रिफाइडमधलं एक भोक दोन-तीन मिनिटं घेतं, घाई करू नका. शेवटी छोटी चकती सुटते आणि बिट एकदम आत जातं. त्या क्षणी जोर लावलेला असला तर ड्रिलचं डोकं टाइलवर आपटतं.

टाइल पार झाली की बिट बदला. आता ८ मिलीमीटरचं मेसनरी बिट आणि आता हॅमर, तोही भिंत विटेची किंवा काँक्रीटची असली तरच. खोली एकूण ६० मिलीमीटर, बिटावर टेप गुंडाळून खूण करा. आता पन्हळीतली भुकटी वाचा. आधी टाइलची पांढरट, मग चिकटवलेल्या मालाची करडी, मग भिंतीची. विटेची लाल पडते. काँक्रीटची करडीच राहते आणि बिट हळू सरकतं. सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची) पांढरट, मैद्यासारखी, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातं. तसं झालं तर पवईच्या पत्राचं उत्तर खाली वाचा, गिट्टी वेगळी लागेल.

सगळ्यात जास्त टाइल फुटतात त्या भोक पाडताना नव्हे, स्क्रू आवळताना. गिट्टीचं तोंड टाइलच्या पातळीवर ठेवलं की स्क्रू तिला टाइलच्या भोकातच फुगवतो आणि भोकापासून कोपऱ्यापर्यंत केसासारखी चीर जाते. गिट्टीची कॉलर ब्लेडने कापून टाका आणि ती जुन्या स्क्रूच्या टोकाने ठोकून टाइलच्या पृष्ठभागापासून १० मिलीमीटर आत बसवा. फुगायचं ते तिने भिंतीत फुगावं. त्या हिशेबाने ४० मिलीमीटरच्या गिट्टीला १० नंबरचा, अडीच इंची स्क्रू लागतो. बरोबर मिळणारे इंचभराचे स्क्रू फेकून द्या. स्क्रू स्टेनलेस स्टीलचाच, ३०४ ग्रेडचा. मुंबईच्या खाऱ्या हवेत क्रोम चढवलेला लोखंडी स्क्रू एक पावसाळा जेमतेम काढतो आणि मग टाइलवर तांबडे ओघळ येतात.

आरशाच्या भोकात स्क्रूभोवती नायलॉनचं बुश हवं आणि काचेच्या पुढे-मागे रबरी वॉशर. काचेला धातूचा स्पर्श कुठेही नको. चारही स्क्रू आधी सैल लावा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यांनी थोडे थोडे आवळा. वॉशर किंचित दबला की थांबा. एखादं भोक दोन मिलीमीटरने चुकलं असेल तर स्क्रू वाकवून बसवू नका. आरसा त्या वेळी तडकत नाही, आठवड्याभराने गरम पाण्याची वाफ लागली की तडकतो आणि मग दोष काचवाल्याला जातो. मागचे वॉशर ३ मिलीमीटर तरी जाड घ्या, आरशामागे हवा खेळली पाहिजे.

प्रश्न : बिल्डिंग २० वर्षांची, नळांचे पाइप भिंतीच्या आत. नकाशा कोणाकडेच नाही. आरशासाठी भोक पाडताना पाइप फुटला तर? (कांदिवली पश्चिम)

उत्तर : ही भीती रास्त आहे आणि मुंबईत जरा जास्तच, कारण पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. डक्टमधून (इमारतीच्या पाइपांच्या उभ्या पोकळीतून) उतरलेली लाइन बहुतेक वेळा छताजवळ बाथरूममध्ये शिरते आणि तिथून खाली नळांकडे येते. म्हणजे बेसिनच्या अँगल कॉकला (बेसिनखाली भिंतीतून निघणाऱ्या छोट्या नळाला) जाणारा पाइप बरोबर आरशाच्या मागून उतरलेला असू शकतो. लाइन खालून फिरवली आहे की वरून, हे कळल्याशिवाय ड्रिलला हात लावू नका.

पाइप बहुतेकदा सरळ उभे किंवा सरळ आडवे नेलेले असतात. प्रत्येक अँगल कॉक, गिझरची दोन तोंडं, शॉवरचा मिक्सर यांच्या बरोबर वर आणि खाली खडूने उभी रेघ मारा, आणि जवळजवळच्या तोंडांमध्ये आडवी. प्रत्येक रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच सोडून द्या. बेसिनचे कॉक सहसा मधोमध असतात आणि आरशाची भोकं कोपऱ्यांत, त्यामुळे जागा बहुतेक वेळा मिळते. आरशावर दिव्याचा पॉइंट असेल तर त्याच्याकडे येणाऱ्या वायरीच्या नळीलाही हाच नियम, शिवाय बाथरूमचा एमसीबी बंद ठेवून काम करा. धातू शोधणारं यंत्र जीआयचा, म्हणजे लोखंडी, जुना पाइप दाखवतं. सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे गिझर तापवून गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं सोडायचा आणि तळहाताने टाइल चाचपत जायचं. पाइप फार खोल नसेल तर उबदार पट्टा लागतो. थंड पाण्याची लाइन सहसा त्याच्या शेजारीच असते.

एवढं करूनही भुकटीऐवजी ओला चिखल येऊ लागला, किंवा बिटावर पांढरट प्लास्टिकची कात दिसली, तर तिथेच थांबा. बिट ओढून काढू नका, आधी फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. तो कुठे आहे हे काम सुरू करण्याआधी फिरवून पाहिलेलं असावं, कारण वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह ऐन वेळी अडकतो. पाइपच्या भोकात एम-सील भरून वर टाइल चिकटवणारे भेटतील, त्यांना ते करू देऊ नका. टाकीचा दाब चोवीस तास असतो, झिरप सुरू होते आणि चार महिन्यांनी खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतात. टाइल फोडून तेवढा तुकडा कापायचा, दोन कपलर आणि नवा तुकडा टाकायचा, सीपीव्हीसीचं सॉल्व्हंट डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यायचं आणि पाणी सोडून एक दिवस उघडं ठेवून पाहायचं. मगच टाइल.

प्रश्न : गिरगावातली जुनी इमारत, भिंती जाड. टाइल नंतर बसवलेल्या. भोक ८ चं पाडलं पण आतून रेती आणि चुना सांडत राहिला, गिट्टी गोल गोल फिरते. मिस्त्री लाकडाची खुंटी ठोकू म्हणतो. (गिरगाव)

उत्तर : खुंटी कोरड्या भिंतीत ठीक, तुमच्या आजोबांच्या तसबिरी तिच्यावरच टांगलेल्या असतील. बाथरूममध्ये लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि टाइलला आतून रेटतं, उन्हाळ्यात आकसून सैल होतं, आणि काही वर्षांत कुजतं.

चुन्यातलं बांधकाम असलं तरी विटा सहसा भक्कम असतात, बिट दोन विटांमधल्या दर्जेत शिरलं असणार. आधी टाइल ठोकून पाहा. बोटाच्या पेराने किंवा नाण्याने कोपऱ्यापासून मध्यापर्यंत वाजवत जा. खणखणीत वाजली तर मागे माल भरलेला आहे. बद्द वाजली तर पोकळी आहे, आणि तिथे आवळलेला स्क्रू टाइलला मागे ओढून फोडतो. बद्द टाइलवर काहीही टांगू नका, आधी ती काढून नीट बसवून घ्या.

टाइल खणखणीत असेल तर तेच भोक वाचवता येतं. हवा मारून किंवा जुन्या टूथब्रशने भुसा पुरता काढा, एम-सीलची वळी करून काठीने तळापर्यंत कोंबा आणि ताज्या एम-सीलमध्येच गिट्टी दाबा. स्क्रू दुसऱ्या दिवशी. चारांपैकी एखादंच भोक बिघडलं असेल तर एवढ्याने भागतं. चारही तशीच निघाली तर हार्डवेअरच्या दुकानातून केमिकल अँकरची नळी आणा. दोन भाग मिसळून भोकात सोडतात, जाळीच्या बाहीत दांडा बसवतात आणि तो न फुगता भिंतीशी एकजीव होतो. भुसभुशीत भिंतीला फुगणारी कुठलीही वस्तू मानवत नाही.

प्रश्न : नव्या टॉवरमध्ये आरशाचं कपाट लावायचं आहे, सामानासकट १५ किलो होईल. बिल्डरचा माणूस सांगतो की काही भिंती मिवानच्या आहेत, काही ब्लॉकच्या. फरक काय पडतो? (पवई)

उत्तर : सगळाच. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबर ओतलेली काँक्रीटची भिंत. ती इमारतीचं वजन पेलते, तिच्यात झिरी मारायची नाही, पण चार भोकांनी तिचं काही बिघडत नाही. टाइल पार झाल्यावर घरगुती ड्रिल इथे रडतं. एसडीएस (खाचांच्या दांड्याच्या) बिटाचं रोटरी हॅमर, म्हणजे जोरात ठोकणारं मोठं ड्रिल, भाड्याने आणा. मध्येच बिट अडलं आणि चकाकता चुरा आला तर सळई लागली आहे. ती कापू नका, इंचभर सरका. वायरीच्या नळ्याही काँक्रीटमध्येच पुरलेल्या असतात, बोर्डाच्या वरचा उभा पट्टा सोडा. एकदा भोक पडलं की साधी ८ ची गिट्टी १५ किलो निवांत पेलते.

ब्लॉकची भिंत म्हणजे बहुधा सिपोरेक्स. तिच्यात साधी गिट्टी आज घट्ट बसते आणि कपाटाचं दार रोज उघडूनमिटून सहा महिन्यांत ढिली होते, कारण आजूबाजूचा ब्लॉक पिठासारखा झिजतो. हॅमर इथे शेवटपर्यंत बंद. १० मिलीमीटरची, ८० मिलीमीटर लांब नायलॉनची गिट्टी घ्या, सिपोरेक्ससाठी म्हणून वेगळी मिळते, अंगावर पाकळ्या असतात. भिंत फक्त ४ इंची असेल तर खोलीची खूण चुकवू नका, पलीकडच्या बेडरूममध्ये प्लास्टरचा पोपडा उडतो. कपाट भिंतीपासून बाहेर येतं म्हणून वरचे स्क्रू उपटून येतील अशी लोकांना धास्ती असते. कपाट २ फूट उंच आणि ५ इंच खोल असेल तर १५ किलोला वरच्या स्क्रूंवर बाहेरची ओढ दीड-दोन किलोच्या आसपास भरते. खरा भार खाली ओढणारा असतो. म्हणून तळाशी एक ॲल्युमिनियमची अँगलपट्टी तीन स्क्रूंनी बसवून कपाट तिच्यावर टेकवा, वरच्या स्क्रूंना फक्त धरून ठेवायचं काम उरेल.

प्रश्न : घरात सासूबाई ४ फूट १० इंच आणि मुलगा ५ फूट ११ इंच. आरसा किती उंचीवर? (मुलुंड)

उत्तर : डोळे आणि डोक्याचा माथा यांच्या बरोबर मध्यावर आरशाची वरची कड आली की माथा दिसतो. डोळे आणि हनुवटी यांच्या मध्यावर खालची कड आली की हनुवटी दिसते. जवळ उभे राहा की लांब, यात फरक पडत नाही. मुलासाठी वरची कड सुमारे ५ फूट ९ इंचांवर हवी, सासूबाईंसाठी खालची सुमारे ४ फूट ४ इंचांवर. २ फूट उंचीचा आरसा ४ ते ६ फुटांच्या मध्ये लावलात की दोघंही भागतात आणि बेसिनवर छोट्या फळीला जागा राहते.

प्रश्न : भाड्याचं घर. मालकांनी टाइलला भोक पाडायला सक्त मनाई केली आहे. सिलिकॉनने किंवा दुहेरी टेपने चिकटवला तर टिकेल? (चेंबूर)

उत्तर : दीड बाय दोन फुटांचा, ४ मिलीमीटरचा आरसा (जेमतेम ३ किलो) टिकेल. त्याहून मोठा नको. चिकट पदार्थ काचेला धरत नाही, आरशामागच्या रंगाला धरतो, रंग चांदीच्या थराला आणि तो काचेला. सगळं वजन शेवटी त्या रंगावर.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. नळीवर तसं लिहिलेलं असतं. स्वस्त जीपी सिलिकॉनला उघडताक्षणी व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ते आम्ल चांदी खातं आणि आरशावर नेमके सिलिकॉनच्या पट्ट्यांच्या आकाराचे डाग उमटतात. टाइलवरचा साबणाचा थर आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काढा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या. सिलिकॉनच्या उभ्या पट्ट्या द्या, मध्ये चार-पाच इंच अंतर ठेवून. पट्ट्यांची चौकट करून चारही बाजू बंद करू नका. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, कोंडलं तर आतून दिवसेंदिवस कच्चं राहतं, आणि आत शिरलेलं पाणीही बाहेर येत नाही. खाली लाकडाचा टेका आणि वर टेपच्या पट्ट्या, निदान २४ तास. त्या दिवशी आंघोळ बादलीने आणि थंड पाण्याने.

खरबरीत किंवा नक्षीच्या टाइलवर टेप लावूच नका, ती फक्त उंचवट्यांना टेकते. घर सोडताना आरशावर टेपची जाळी मारा, हातमोजे घाला आणि मासेमारीची जाड तंगूस मागून करवतीसारखी ओढत खाली या. पट्ट्या उभ्या असल्या तर दहा मिनिटांचं काम. उरलेलं सिलिकॉन ब्लेडने निघतं. आधी मात्र टाइल नीट न्याहाळा. आधीच्या भाडेकरूची दोन बुजवलेली भोकं बेसिनवर सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि जुनं भोक वापरायला कोणत्याच मालकांची हरकत नसावी.

प्रश्न : दोन वर्षांत आरशाच्या खालच्या कडेला काळे डाग चढू लागले. पुसून जात नाहीत. (वरळी)

उत्तर : जाणारही नाहीत, चांदी गेली आहे. पाणी ओघळून खालच्या कडेवर थांबतं आणि उघड्या कापातून आत शिरतं. त्यात टाइल धुवायला ॲसिड वापरत असाल तर त्याची वाफही तेच करते. डाग वाढू नयेत म्हणून आरसा उतरवून कडा सुकवा आणि चारही कापांवर न्यूट्रल सिलिकॉनचा किंवा पारदर्शक नेलपॉलिशचा बारीक हात फिरवा. पुन्हा लावताना खालची कड बेसिनच्या किंवा फळीच्या पातळीला टेकवू नका, अर्धा इंच वर ठेवा. काच पुसायचं औषध आरशावर फवारण्याऐवजी फडक्यावर घ्या. नवा आरसा घेणार असाल तर दुकानातच उलटा करून मागचा रंग कडेपर्यंत सलग आहे का ते पाहा. कापताना तिथे टवके उडालेले असतील तर तो घेऊ नका, दुसरा कापून मागा.